घरदुरुस्ती आणि कर्जबदल : आधी काय, मागून काय

वहीपूजन झाले, लाभपंचमीला पेढ्या पुन्हा उघडल्या आणि लग्नसराईच्या मालाची पहिली गर्दी ओसरली, की व्यापारी कुटुंबाचे लक्ष घराकडे वळते. चार महिन्यांच्या पावसाने गच्ची कोठे गळते हे दाखवून दिलेले असते. स्वयंपाकघराचा ओटा जुना झालेला असतो. मुलाच्या लग्नापूर्वी वर एक खोली चढवावी, असे घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात असते. नेमक्या याच सुमारास एखाद्या बँकेचा प्रतिनिधी दुकानात येऊन बसतो. तुमचे घरकर्ज आमच्याकडे आणा, व्याजदर टक्काभर कमी होईल आणि दुरुस्तीसाठी दहा-बारा लाख वरून मिळतील, असे तो सांगतो. दोन गरजा एकाच सहीत भागतात असे वाटते आणि त्याच आठवड्यात मिस्त्रीला उचल दिली जाते.

यानंतर जे घडते ते अनेक घरांत सारखेच असते. भिंत पाडून झालेली असते, आणि पैसा मात्र कागदांच्या मागे अडकून राहिलेला असतो.

कर्जाचे हस्तांतर बाहेरून सोपे दिसते. नवी बँक जुन्या बँकेचे येणे भागवते आणि घराचे मूळ दस्तऐवज आपल्या ताब्यात घेते. या एका वाक्यात बरेच टप्पे दडलेले आहेत. जुन्या बँकेकडून बाकी रकमेचा दाखला आणि तिच्या ताब्यात कोणकोणते मूळ कागद आहेत त्याची यादी मागवावी लागते. नव्या बँकेचा वकील मालकीहक्काचा शोध घेतो, मूल्यांकनकार घर पाहून जातो, विवरणपत्रे तपासली जातात आणि मग मंजुरीपत्र येते. त्यानंतर जुन्या बँकेच्या नावे धनादेश निघतो. तो वटून खाते बंद झाले, मूळ कागद सुटून नव्या बँकेत जमा झाले, मुद्रांक शुल्क भरून गहाणाची सूचना निबंधक कार्यालयात दाखल झाली, म्हणजे मग टॉप-अपची रक्कम हातात पडते. बहुतेक बँका मूळ कागद मिळाल्याखेरीज ही रक्कम सोडत नाहीत आणि त्यात गैर काही नाही. त्या दिवसापर्यंत तिने दुसऱ्याचे कर्ज फेडलेले असते आणि तिच्या हाती घराचा एकही मूळ कागद नसतो.

जुन्या बँकेने कागद किती दिवसांत परत द्यावेत, याचा नियम आता स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करावे लागतात. बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. नियम चांगला आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की तीस दिवसांपर्यंतचा वेळ बँकेला अधिकृतपणे मिळालेला आहे. त्या तीस दिवसांत गवंडी, प्लंबर आणि फरशीवाला थांबत नाहीत. घर उघडे पडलेले आणि दुरुस्तीची रक्कम न आलेली, अशी ही मधली फट असते. तिच्यात बहुतेक कुटुंबे पेढीच्या कॅश क्रेडिट खात्याला हात घालतात. त्याचा विचार पुढे येईल. त्याआधी या व्यवहारात खरोखर किती वाचते, हे पाहणे आवश्यक आहे.

उदाहरणादाखल एका भुसार व्यापाऱ्याचे घर घ्यावे. जुन्या कर्जाची बाकी ४० लाख, उरलेली मुदत १५ वर्षे, व्याजदर ९.२५ टक्के. महिन्याचा हप्ता साधारण ४१,१६८ रुपये येतो. तेच कर्ज ८.२५ टक्क्यांवर नेले तर हप्ता सुमारे ३८,८०६ रुपये होतो. महिन्याला २,३६२ रुपये आणि पंधरा वर्षांत सव्वाचार लाख वाचतात. प्रक्रिया शुल्क, वकील व मूल्यांकनाची फी आणि मुद्रांक मिळून ४० हजार खर्च आला असे धरले, तर तो सतरा महिन्यांत वसूल होतो. येथपर्यंत प्रतिनिधीचे म्हणणे बिनचूक आहे.

आता दुरुस्तीचे १२ लाख त्यात मिळवू. टॉप-अपचा दर मूळ कर्जापेक्षा थोडा अधिक असतो, तो ८.७५ टक्के धरू. बँक सोय म्हणून हीही रक्कम पंधरा वर्षांतच बसवून देते. हप्ता अवघा बारा हजारांचा, म्हणून तो कोणाला टोचत नाही. परंतु पंधरा वर्षांत या बारा लाखांवर सुमारे ९ लाख ५९ हजार व्याज जाते. तेच बारा लाख पाच वर्षांत फेडले, तर हप्ता २४,७६५ रुपयांचा होतो आणि व्याज २ लाख ८६ हजारांवर थांबते. फरक ६ लाख ७३ हजारांचा. म्हणजे व्याजदर उतरवून जे सव्वाचार लाख वाचवले, ते सर्व आणि वर अडीच लाख, केवळ दुरुस्तीचे कर्ज लांबवल्यामुळे गेले. स्वयंपाकघराची कपाटे दहा-बारा वर्षांत पुन्हा बदलावी लागतात, रंग पाच-सहा वर्षांत उडतो, आणि हप्ते मात्र पंधराव्या वर्षीही चालूच राहतात. जी वस्तू आठ वर्षे टिकते तिचे कर्ज आठ वर्षांच्या आत संपावे, एवढा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. दुकानाच्या मालाबाबत तो हे रोज पाळतो. घराबाबत मात्र हप्ता किती एवढेच विचारले जाते.

म्हणून टॉप-अप घ्यावयाचाच असेल, तर तो स्वतंत्र खात्यात आणि स्वतंत्र, आखूड मुदतीवर मागावा. बँका तसे देतात. मागावे मात्र लागते.

आणखी एक पायरी प्रतिनिधी सांगत नाही, कारण तिच्यात त्याचा लाभ नाही. कर्ज हलवण्यापूर्वी आपल्याच बँकेला दर कमी करण्याविषयी लेखी अर्ज द्यावा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची घरकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडली जातात. २०२५ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन टप्प्यांत रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तेव्हा अशा कर्जदारांना घट लवकर मिळाली; जुन्या पद्धतीच्या कर्जांवर ती सावकाश उतरली. त्याच बँकेत थोड्या शुल्कात जुन्या पद्धतीवरून नव्यावर जाता येते किंवा वरचा अधिभार कमी करून घेता येतो. दर अर्ध्या-पाऊण टक्क्याने जरी उतरला, तरी कागद जागेवरून हलत नाहीत, वर सांगितलेली तीस दिवसांची फट उरत नाही आणि दुरुस्तीचे कर्ज त्याच तारणावर मिळू शकते. दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र टेबलावर ठेवून ही बोलणी केली, तर ती अधिक लवकर पूर्ण होतात. मात्र बोलणी फसली म्हणून अडून राहण्याचेही कारण नाही. व्यक्तीच्या नावावरील, बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून आकारता येत नाही. पेढीच्या नावावरील तारणकर्जाचे नियम निराळे आहेत. तेथे मूळ करारनामा काढून वाचावा.

आता क्रमाचा प्रश्न. दुरुस्ती आधी करून घर सजवले, तर मूल्यांकन वाढेल आणि कर्ज जास्त मिळेल, अशी एक समजूत आहे. सदनिकेच्या बाबतीत ती बहुधा खरी ठरत नाही. बँकेचा मूल्यांकनकार चटई क्षेत्र, मंजूर नकाशा, इमारतीचे वय आणि त्या परिसरात अलीकडे झालेले व्यवहार पाहतो. तीन लाखांचे मॉड्युलर किचन आणि दोन लाखांचे छत त्याच्या अहवालात जवळजवळ उतरतच नाहीत. उलट मूल्यांकनाच्या दिवशी भिंत फोडलेली, न्हाणीघर उखडलेले आणि दारात वाळूचा ढीग असेल, तर त्याचा शेरा अवश्य उतरतो. सदनिकेची आतील सजावट मूल्यांकनानंतरच काढावी, हे सरळ आहे.

स्वतःच्या जागेवरील बंगला किंवा बाजारपेठेतील जुन्या वाड्याची गोष्ट वेगळी. तेथे मंजूर नकाशाप्रमाणे एक मजला चढवला, तर घराची किंमत खरोखर वाढते. परंतु ती वाढ बँकेच्या हिशेबात येण्यासाठी नगरपालिकेची परवानगी आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला लागतो. परवानगीवाचून चढवलेली खोली मूल्यांकनात धरली जात नाही. एवढेच नव्हे, तर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळत नाही या शेऱ्यावर संपूर्ण हस्तांतर फेटाळले जाऊ शकते. ज्या जुन्या बँकेने पंधरा वर्षांपूर्वी हे घर तारण घेतले तिला त्या खोलीची खबरही नसते. नवी बँक मात्र आज नव्या डोळ्यांनी पाहते. अशी खोली घरात असेल, तर ती नियमित होईपर्यंत कर्ज हलवण्याचा विचार पुढे ढकललेला बरा.

येथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील एक तरतूद ठाऊक असावी. कलम ७० प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, गहाण ठेवल्यानंतर मालमत्तेत जी भर पडते तीही गहाणाचा भाग होते. कायद्याने दिलेले उदाहरणच असे आहे की, मोकळा भूखंड गहाण ठेवून मागाहून त्यावर घर बांधले, तर तारणापुरते ते घरही गहाणदाराकडे जाते. म्हणजे स्वतःच्या शिलकीतून चढवलेला मजलाही बँकेच्या तारणात बसतो. म्हणून ज्याला स्वतःच्या पैशाने मजला बांधावयाचा आहे, त्याने बांधकाम पूर्ण करून मग नव्याने मूल्यांकन करून घेण्यात अर्थ आहे. वाढलेल्या किमतीचा उपयोग निदान दर ठरवताना तरी होतो. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या घरकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांवर ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. वरच्या उदाहरणातील घराची किंमत ६२ लाख धरली गेली, तर सगळे मिळून ४९ लाख ६० हजारच मिळतील आणि बारा लाखांचा टॉप-अप साडेनऊवर अडेल. ही कात्री असेल तेथे मूल्यांकन आधी की बांधकाम आधी, हा प्रश्न लाखांचा ठरतो. नसेल तेथे त्याची चिंता करू नये.

सोसायटीतील घराला आणखी एक परवानगी लागते. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेतील फेरबदलासाठी सोसायटीकडे अर्ज करावा लागतो. तिसेक वर्षे झालेल्या इमारतीत बँक संरचनात्मक तपासणीचा अहवालही मागू शकते. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा अशी तपासणी उपविधींत सांगितली आहे. अनेक सोसायट्यांत ती कागदावरही झालेली नसते, आणि हे कळते तेव्हा कर्जाची फाइल वकिलाकडून परत आलेली असते.

आता कॅश क्रेडिट खात्याकडे वळू. व्यापारी कुटुंबात घर आणि पेढी यांच्यामधली भिंत पातळ असते. टॉप-अप यायला वेळ आहे, फरशीवाला दारात उभा आहे, तर सीसीमधून दोन लाख काढले जातात. टॉप-अप आला की भरू, असे ठरते. ते दोन लाख पाहता पाहता सहा होतात. त्याच वेळी नवीन हंगामाच्या खरेदीला मर्यादा अपुरी पडते, साठा विवरणपत्रात मालाची किंमत फुगवून दाखवण्याचा मोह होतो, आणि एका ओट्याच्या कामासाठी पेढीची बँकेतील पत पणाला लागते. पेढी एकट्याच्या मालकीची असेल आणि घरकर्जही त्याच बँकेत असेल, तर धोका दुहेरी आहे. बँक अनुत्पादक कर्जाचे वर्गीकरण खात्यागणिक करत नाही, कर्जदारागणिक करते. सीसी खाते बिघडले, तर नियमित हप्ते जाणारे घरकर्जही त्याच यादीत जाते. आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखालची साठ दिवसांची नोटीस राहत्या घरालाही लागू होते.

कित्येक घरांत तर राहते घर हे पेढीच्या सीसीला जोडतारण म्हणून आधीच लिहून दिलेले असते. वडिलांनी दहा वर्षांपूर्वी केलेली ती सही पुढच्या पिढीला ठाऊकही नसते. घरकर्ज फिटले तरी त्या बँकेला कागद सोडता येत नाहीत, कारण तेच कागद दुसऱ्या खात्याला बांधलेले असतात. हस्तांतराचा अर्ज करण्यापूर्वी सीसीचे मंजुरीपत्र काढून तारणाचा रकाना वाचावा. पाच मिनिटांचे काम आहे; न वाचल्यास दोन महिने जातात.

तेवढेच महत्त्वाचे म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे. बाजारपेठेतील जुनी घरे अजून आजोबांच्या नावावर असतात, मिळकत पत्रिकेवर वारसनोंद झालेली नसते. हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. म्हणून बँकेचा वकील विवाहित बहिणींच्या सह्या मागतो. येथे घाई झाली की नाती दुखावतात. भाऊबीजेला आलेल्या बहिणीसमोर कागद सरकवून “ताई, इथे एक सही कर, बँकेला लागते” असे म्हटले जाते. तो कागद हक्कसोडपत्र आहे, की ती सहकर्जदार होत आहे, की जामीनदार, हे तिला कोणी सांगत नाही. तिन्हींचे परिणाम अगदी निराळे आहेत. हक्कसोडपत्राने तिचा हिस्सा जातो. सहकर्जदार किंवा जामीनदार झाली, तर हप्ता थकल्यास बँक तिच्याकडे येते आणि तिच्या पत-अहवालात ते कर्ज दिसते. ताईने कागद घरी नेऊन वाचला, जावईबापूंना दाखवला, हिश्शाविषयी विचारले, तर त्यात राग मानण्याजोगे काही नाही. भावाने स्वतःच्या भागीदाराकडून आलेला कागद याहून कमी तपासला नसता. या बोलण्याला महिना लागणार असेल, तर तो महिना मिस्त्री ठरवण्याच्या आधी धरावा.

प्राप्तिकराविषयी थोडक्यात. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या खरेदी किंवा बांधकामासाठीच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांपर्यंत मिळते. दुरुस्ती व नूतनीकरणाच्या कर्जाला मात्र ३० हजारांपर्यंतच, आणि तीही त्या दोन लाखांच्या आत. जुने कर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या नव्या कर्जाचे व्याज पूर्वीप्रमाणेच चालते. राहत्या घरात मागाहून केलेल्या दुरुस्तीच्या मुदलाला वजावट नाही. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला काहीच मिळत नाही. टॉप-अप स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे हे दुसरे कारण होय. एकाच खात्यात सर्व मिसळले, तर कोणते व्याज कशाचे हे सनदी लेखापालालाही सांगता येत नाही.

बिले घरमालकाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावीत. फरशीचे बिल पेढीच्या नावाने करून कराचा परतावा घेण्याची चलाखी काही ठिकाणी चालते. वैयक्तिक वापराच्या मालावर तो परतावा मिळत नाही आणि तपासणीत तेच बिल पहिले निघते. शिवाय पुढे घर विकताना मजला, जिना, नवे छत यांचा खर्च सुधारणेचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून वजा होऊ शकतो, तोही मालकाच्या नावचे बिल आणि बँकेतून दिलेली रक्कम असेल तरच. रंगरंगोटी त्यात बसत नाही.

लेखापरीक्षण होणाऱ्या व्यापाऱ्याचे विवरणपत्र साधारण ऑक्टोबरअखेर दाखल होते. वर्ष चांगले गेले असेल, तर ताजे विवरणपत्र हातात आल्यावरच अर्ज करावा. मंजुरी त्यावरच ठरते. नोव्हेंबरात मंजुरी, डिसेंबरात जुन्या खात्याची फेड, जानेवारीत कागदांची अदलाबदल आणि टॉप-अप, आणि त्यानंतर मिस्त्री, असा क्रम लावला, तर गच्चीचे काम पावसापूर्वी सहज होते. मंजुरीपत्राची मुदत संपण्याआधी सर्व आटोपेल एवढे पाहावे. गच्ची उघडी पडून घरात पाणी येत असेल, तर अर्थात कशाचीही वाट पाहू नये. तेवढे काम शिलकीतून उरकावे आणि बाकीचे क्रमाने घ्यावे.

ज्या दिवशी जुन्या बँकेतून कागद सुटतात, त्या दिवशी घरातील एकाने स्वतः हजर राहावे. कर्ज घेताना मिळालेली कागदपत्रांची यादी सोबत न्यावी आणि खरेदीखत, इंडेक्स दोन, सोसायटीचा भागदाखला, आधीच्या मालकांच्या खरेदीखतांची साखळी, असा एकेक मूळ कागद पान उलटून पाहावा. एखादा कमी निघाला, तर पोचपावतीवर सही करण्यापूर्वी तसा लेखी शेरा करून घ्यावा. हरवलेल्या दस्ताची प्रमाणित प्रत काढून देणे आणि त्याचा खर्च सोसणे, हे त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलेले आहे. त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात, आणि तेही मिस्त्रीच्या तारखेत धरावे लागतात.